‘रोहना’ची एकतर्फी साक्ष

अमेरिकेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका बुडालेल्या आगबोटीविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. ‘रोहना’ हे तिचे नाव. दुसऱ्या महायुद्धात, २६ नोव्हेंबर १९४३ रोजी सायंकाळी, अल्जीरियाच्या किनाऱ्यानजीक भूमध्यसमुद्रात जर्मन विमानाने सोडलेल्या बाँबने ती बुडाली आणि तिच्याबरोबर १,०१५ अमेरिकन सैनिक गेले. शत्रूच्या एका हल्ल्यात समुद्रावर अमेरिकेची इतकी फौज त्या युद्धात दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी मेली नाही. त्या तरुणांविषयी त्यांच्या देशाने हळहळावे, ग्रंथ लिहावेत, स्मारके उभारावीत, हे योग्यच होय. परंतु या साऱ्या लेखनात एक आरोप निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा डोकावतो आणि त्याविषयीच आम्हांस येथे लिहावयाचे आहे. तो आरोप असा की, बोटीवरील हिंदी खलाशांनी आपले काम टाकले, सैनिकांच्या आधी होड्या गाठल्या आणि स्वतःचा जीव वाचविला. आमचे म्हणणे असे की हा आरोप सिद्ध झालेला नाही. ज्या साक्षीवर तो उभा आहे ती एकतर्फी आहे. शिवाय जे खरोखर जबाबदार होते त्यांना या आरोपाने मोठा आडोसा मिळाला आहे.

खानदेशात बसून भूमध्यसमुद्रातल्या बोटीचा कैवार घेण्याचे प्रयोजन काय, असे आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील, तर तो प्रश्न अगदीच वावगा म्हणता येणार नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाचा समुद्राशी संबंध बेताचाच. त्याची नदी तापी. तीही समुद्राला मिळते ती सुरतेपलीकडे, दुसऱ्या प्रांतात. त्याचा कापूस मात्र पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडून गेला. त्या कापसाच्या भावाची बित्तंबातमी येथे घरोघर असे, पण तो वाहून नेणाऱ्या बोटींवर राबणारी माणसे कोण, याची चौकशी आम्ही कधी केली नाही.

‘रोहना’चा आणि आमचा संबंध मात्र कापसाहूनही जवळचा होता. तिच्यावरील फौज हिंदुस्थानात यावयाची होती. सुवेझमार्गे मुंबई आणि तेथून पूर्वेकडे, चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान या आघाडीवर, असा तिचा मार्ग होता. मुंबईहून कलकत्त्यास जाणारी आगगाडी नागपूरवरून जावो की अलाहाबादवरून, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही स्थानके काही तिला चुकत नाहीत. म्हणजे ते हजार तरुण बुडाले नसते, तर त्यांतील कित्येकांनी बहुधा आमच्याच फलाटांवर उतरून पाय मोकळे केले असते. त्यांना मुंबईपर्यंत आणून सोडण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते आमचेच देशबांधव होते, आणि त्यांच्यातले बहुतेक त्या सैनिकांबरोबरच त्याच पाण्यात मेले. एवढा संबंध आम्हांस पुरेसा वाटतो.

आता ती बोट. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने १९२६ साली ती बांधवून घेतली. वजन सुमारे साडेआठ हजार टन. ‘राजुला’ ही तिची जोडबोट. मद्रास-नागपट्टण ते सिंगापूर या वाटेवर दोघी फिरत आणि मलायातल्या मळ्यांवर मजुरीला जाणारी तामिळ कुटुंबे डेकवर पथारी पसरून नेत. या कंपनीची आपल्या बोटींना हिंदी गावांची नावे देण्याची आणि ती ‘आ’कारान्त ठेवण्याची रीत होती. ‘तिलावा’, ‘रोहना’, ‘राजुला’, आणि मराठी माणसाच्या कानाला घरचे वाटणारे ‘करंजा’. ही ‘करंजा’सुद्धा याच अल्जीरियाच्या किनाऱ्याशी, बूजीच्या आखातात, ‘रोहना’च्या आधी एक वर्ष, १२ नोव्हेंबर १९४२ रोजी जर्मन बाँबनेच बुडाली. युद्ध सुरू होताच अशा उतारू बोटी सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांच्यावर फौज भरली. १९४० साली ‘रोहना’वरही तोच प्रसंग आला. जेथे मजुरांच्या पथाऱ्या पडत तेथे सैनिकांच्या पडल्या. बोट चालविणारी माणसे मात्र पूर्वीच्याच पद्धतीने मिळत होती : अधिकारी ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन, आणि सारंगापासून आगवाल्यापर्यंत बाकीचे हिंदी.

२४ आणि २५ नोव्हेंबर १९४३ या दोन दिवसांत ओरान बंदरात सुमारे २ हजार अमेरिकन सैनिक ‘रोहना’वर चढले. २५ तारखेला ती बंदराबाहेर पडून पूर्वेकडे जाणाऱ्या तांड्यात सामील झाली. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना जर्मन विमाने आली. त्यांच्यापैकी एकाने सोडलेला बाँब साधा नव्हता. त्याला पंख होते आणि विमानात बसलेला माणूस बिनतारी यंत्राने त्याला हवी ती दिशा देऊ शकत होता. हेन्शेल २९३ असे त्या अस्त्राचे नाव. ते ‘रोहना’च्या डाव्या कुशीत शिरले आणि इंजिनखोलीजवळ फुटले. दुसऱ्या बाजूचा पत्रा फाटून बाहेर आला. वीज गेली, पंप बंद पडले, आग पसरली. शेकडो माणसे त्या एका क्षणातच संपली. बोटीवर २२ होड्या होत्या. त्यांपैकी काही स्फोटातच मोडल्या, काही खाली सोडताच येईनात, आणि पाण्याला लागल्या त्या अवघ्या ८. त्यांतल्याही बहुतेक भरून तरी गेल्या किंवा उलटल्या. तासा-दीड तासात बोट मागच्या बाजूने पाण्याखाली गेली. तोपर्यंत अंधार पडला होता आणि समुद्र खवळला होता. ‘पायोनिअर’ नावाच्या अमेरिकन सुरुंगशोधक बोटीने रात्रभर खटपट करून ६०६ माणसे पाण्यातून वर काढली. ही कामगिरी कोणत्याही देशाच्या नाविकाने मान लववावी अशी आहे.

एकूण मृत १,१३८. त्यांत अमेरिकन सैनिक १,०१५. बोटीचे पाच अधिकारी, एक रुग्णसेवक आणि खलाशी ११७.

हा शेवटचा आकडा वाचकांनी जरा थांबून पाहावा. बोटीवर खलाशी होते १९५. त्यांपैकी ११७ मेले, म्हणजे शेकडा ६०. सैनिक होते सुमारे दोन हजार. त्यांपैकी मेले १,०१५, म्हणजे शेकडा ५० किंवा किंचित अधिक. होड्या पळवून सर्वांआधी निसटलेल्या लोकांत निम्म्याहून कितीतरी अधिक लोक मरावेत आणि ज्यांना म्हणे त्यांनी वाऱ्यावर सोडले त्यांच्याहून मृत्यूचे प्रमाण त्यांच्यातच जास्त असावे, हे पलायन मोठे विलक्षण म्हटले पाहिजे! आरोप करणाऱ्यांनी हे साधे त्रैराशिक एकदा तरी मांडून पाहावयास हवे होते.

यावर एक उत्तर संभवते आणि ते आम्ही दडवून ठेवीत नाही. बाँब इंजिनखोलीपाशी फुटला, तेव्हा तेथे काम करणारे आगवाले आणि तेलवाले जागच्या जागी गेले असणार. त्यामुळे खलाशांच्या मृत्यूचे प्रमाण वाढले. यावरून डेकवरच्या खलाशांचे शौर्य सिद्ध होत नाही. हे उत्तर बरोबर आहे. पण त्याचा अर्थ काय होतो तो पाहा. विमाने डोक्यावर घिरट्या घालीत असता, तोफा धडधडत असता, वर काय चालले आहे हे दिसण्याची सोय नसलेल्या त्या तळघरात ही माणसे बॉयलरपाशी उभी होती. बोट तांड्यात आपल्या जागी चालत राहिली ती त्यांच्यामुळे. हल्ला सुरू झाल्याबरोबर ती शिडी चढून वर आली असती तर आज त्यांची गणना मृतांत झाली नसती. ‘पळाले’ या एका शब्दात साऱ्या हिंदी खलाशांना कोंबणाऱ्यांनी आधी या माणसांना त्यातून वगळावे, मग उरलेल्यांविषयी बोलावे.

उरलेल्यांविषयी बोलू. पहिल्या होड्यांत काळे लोक बसलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले, असे वाचलेले सैनिक सांगतात. त्यांनी ते पाहिले असेल. आम्ही त्यांना खोटे ठरवीत नाही. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला खोटे ठरविण्याचा अधिकार घरात बसून लिहिणाऱ्यास नाही. पण डोळ्यांनी पाहिलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान या दोन वस्तू भिन्न आहेत. जीवरक्षक होडी ही काही आपोआप पाण्यात उतरत नाही. तिचे दोर दोन्ही टोकांना एकाच वेगाने सोडावे लागतात, नाहीतर ती एका टोकावर लोंबकळून आतली माणसे समुद्रात ओतते. ती पाण्याला टेकताच आकडे सोडवावे लागतात, तिला बोटीच्या अंगापासून दूर रेटावे लागते, वल्ही आणि सुकाणू धरावे लागते. हे काम कालपर्यंत शेतावर किंवा कारखान्यात असलेल्या आणि बोटीवर चढून दोन दिवसही न झालेल्या शिपायाचे नव्हे, ते खलाशाचेच. म्हणून प्रत्येक उतारू बोटीवर प्रत्येक होडीला खलाशी आधीच नेमून दिलेले असतात, आणि बोट सोडण्याची वेळ आली म्हणजे त्यांनी आपापल्या होडीत असावे असा नियमच आहे. तेव्हा धुरात, गोंधळात, एकमेकांची भाषा येत नसताना, डेकवरच्या सैनिकाने वर पाहिले आणि त्याला होडीत खलाशी आधीच चढलेले दिसले, तर त्याला दिसले ते पलायन होते की कर्तव्य होते? काही ठिकाणी ते पहिले असेल, काही ठिकाणी दुसरे असेल. भयाने हातपाय गळालेली माणसे त्या रात्री सर्व वर्णांची असणार. पण कोणत्या होडीत काय घडले हे ठरविण्यासाठी त्या होडीतल्या माणसाला विचारावे लागते. ७८ खलाशी जिवंत राहिले होते. अमेरिकेत ‘रोहना’वर जे वाङ्मय निर्माण झाले, त्याचा मुख्य आधार अमेरिकन सैनिकांच्या आठवणी हा आहे, त्या ७८ जणांची बाजू त्यात नाही.

येथे खानदेशातील वाचकाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ज्या धुळ्यात १९२६ च्या अखेरीस निवर्तले आणि जेथे दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावाला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद ठाऊक असावयास पाहिजे. प्रसंग घडून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, आठवणीवर भिस्त ठेवून, आपल्या पक्षाच्या अभिमानाने लिहिलेला मजकूर म्हणजे बखर. ती टाकाऊ नसते. तीत जिव्हाळा असतो, प्रसंगाचा रंग असतो. पण दुसऱ्या पक्षाचा कागद पाहिल्याखेरीज तिच्यावरून कोणास दोषी ठरवावयाचे नाही, हा धडा राजवाड्यांनी महाराष्ट्राला गावोगावची दप्तरे धुंडाळून शिकविला. कार्लटन जॅक्सन यांचा ‘रोहना’वरील ग्रंथ १९९७ साली निघाला, म्हणजे बोट बुडाल्यावर चोपन्न वर्षांनी. वाचलेल्यांच्या आठवणींची जी पुस्तके आहेत तीही याच काळातली. पानिपतावरील बखरीला आम्ही जी कसोटी लावतो तीच या आठवणींना लावू नये, असे काही कारण दिसत नाही.

मग एवढ्या वर्षांनी आठवणी का लिहिल्या गेल्या? कारण त्याआधी तोंड उघडण्याची मनाई होती. या प्रकरणातली खरी मख्खी येथे आहे. बोट बुडताच अमेरिकन आणि ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी सारे प्रकरण गुप्त ठरविले. वाचलेल्या सैनिकांना याविषयी कोणाशी बोलू नये असे बजावण्यात आले. मेलेल्यांच्या घरी तारा गेल्या त्या ‘बेपत्ता’ अशा. बोट कोणती, कोठे बुडाली, कशाने बुडाली, काही नाही. कारण असे सांगितले गेले की या नव्या अस्त्राचा परिणाम शत्रूस कळू नये. पण ज्या शत्रूने ते अस्त्र सोडले, त्याला ते लागले हे विमानातून दिसत होते. शिवाय तीनच महिन्यांपूर्वी, २७ ऑगस्टला, बिस्केच्या उपसागरात याच जातीच्या बाँबने ‘इग्रेट’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली होती. तेव्हा शत्रूपासून लपविण्यासारखे फारसे उरले नव्हते. लपले ते फक्त मृतांच्या आईबापांपासून. सरकारी कागद पाहण्याचा हक्क देणारा कायदा अमेरिकेत १९६७ साली अंमलात आला, तेव्हा कोठे ही दप्तरे हळूहळू उघडू लागली. तोपर्यंत चोवीस वर्षे गेली होती. कित्येक आया मुलाची वाट पाहतच वारल्या असतील.

आता विचार करा. ज्या सैनिकाला बाँबविषयी बोलावयाचे नाही, वरिष्ठांविषयी बोलावयाचे नाही, बोटीच्या व्यवस्थेविषयी बोलावयाचे नाही, त्याच्या मनातला संताप बाहेर पडणार कोणत्या वाटेने? होड्यांचे आकडे गंजून घट्ट बसले होते, दोर कुजके होते, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले आहे. कमरेला बांधावयाचे जे फुगणारे पट्टे सैनिकांना दिले होते ते काखेखाली कसे घ्यावयाचे हे नीट न शिकविल्यामुळे कित्येकजण पाण्यात उलटे होऊन गुदमरले, असेही त्यांचे सांगणे आहे. या गोष्टी खऱ्या धरल्या तर त्यांचा जाब कोणाला विचारावा? बोट कंपनीची, ती भाड्याने घेणारे सरकार ब्रिटिश, होड्या तपासणारे अधिकारी त्यांचे, पट्टे देणारे आणि शिक्षण देणारे लष्कर अमेरिकन. आकड्यांना तेल घाला असे खलाशाला सांगणारा माणूस खलाशी नव्हता. या साऱ्यांना सोडून बोट रोखावयाची ती कोणाकडे? तर ज्याला इंग्रजी येत नाही, जो उत्तर देण्यास अमेरिकेत कधी जाणार नाही, ज्याचे नावही कोणास ठाऊक नाही, त्या हिंदी खलाशाकडे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही तऱ्हा आमच्या गोष्टींतल्या चौपट राजालाही शोभली असती!

आणखी एक गोष्ट, जी या वाङ्मयात कोणी फारशी बोलत नाही. त्या रात्री माणसे वाचविणाऱ्यांत ‘क्लॅन कॅम्पबेल’ ही व्यापारी बोटही होती. क्लॅन कंपनीच्या बोटींवर हिंदी खलाशी ठेवण्याचा प्रघात जुना होता. दोर टाकून, जाळी सोडून ज्या हातांनी बुडणाऱ्यांना वर ओढले, त्यांतले पुष्कळ हात बहुधा हिंदीच होते. हे हात कोणाच्या आठवणीत राहिले नाहीत. राहिले ते फक्त होडीत दिसलेले चेहरे.

येथपर्यंत परक्यांशी वाद झाला. आता घरातल्यांशी. कारण आमच्यातच असा एक पक्ष आहे, आणि तो काही मूर्खांचा नाही, की जो म्हणतो : हे खलाशी इंग्रजांचे चाकर, पोटासाठी गेले, परक्यांच्या लढाईत मेले, त्यांचा अभिमान राष्ट्राने कशासाठी बाळगावा? १९४३ साल डोळ्यांपुढे आणा. त्याच्या आदल्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा हातात तिरंगा घेऊन पोलिसांच्या गोळ्यांपुढे उभा राहिला आणि आपल्या सोबत्यांसह पडला. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातच होते. फैजपूरला काँग्रेस भरल्यालाही तेव्हा फार वर्षे झाली नव्हती; ती भरली डिसेंबर १९३६ मध्ये. अशा मुलखाने इंग्रजांच्या फौजा वाहणाऱ्या बोटीवरील नोकरांसाठी अश्रू गाळावेत काय?

या प्रश्नात जोर आहे, हे आम्ही मान्य करतो. शिरीषकुमारचे मरण आणि खलाशाचे मरण एका तराजूत घालण्याचा आमचा विचार नाही. पहिल्याने मरण आपल्या इच्छेने पत्करले, दुसऱ्यावर ते नोकरीत असता कोसळले. पण ‘चाकर’ या शब्दाने ज्यांना आपण बाजूस सारतो त्यांची हकीकत तरी पाहावी. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी बोटींवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. दर चार नाविकांत एक हिंदी. त्याला पगार मिळे तो गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. मरणाचा धोका मात्र दोघांना सारखा. १९३९ च्या शरदात, युद्ध पेटून महिना होतो न होतो तोच, लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो अशा इंग्रजी बंदरांत या ‘चाकरांनी’ वाढीव पगाराखेरीज बोट हलविणार नाही म्हणून संप केला. शेकडोंना तुरुंगात टाकले गेले, तरी अखेर पगार वाढवावाच लागला. इंग्रजांच्याच देशात, युद्धाच्या ऐन धामधुमीत, त्यांच्याच कायद्याला तोंड देऊन उभी राहिलेली ही माणसे केवळ मिंधी होती असे म्हणणे धारिष्टाचे आहे. आणि पोटासाठी गेले म्हणून ज्यांना आपण कमी लेखतो, त्याच वेळी त्याच सरकारच्या कचेऱ्यांत, शाळांत, रेल्वेत पोटासाठीच जात असलेल्या आमच्या पांढरपेशा वडीलधाऱ्यांना आपण कोणत्या नावाने संबोधतो? त्यांना ‘नोकरदार’ म्हणावयाचे आणि खलाशाला ‘चाकर’, यात राष्ट्रभक्तीपेक्षा जातिभेदाचा वास अधिक येतो. रत्नागिरी-कुलाब्याच्या कोळीवाड्यांतून आणि मोहल्ल्यांतून, गोव्याच्या कुडांतून जो माणूस बोटीवर गेला तो आपल्या दिवाणखान्यात कधी बसला नाही, म्हणून आपल्या इतिहासातही त्याला बसावयास जागा नाही, असा हा हिशेब दिसतो.

दुसऱ्या देशांत असे झाले नाही. ‘मेंडी’ ही अशीच एक उतारू बोट. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या मजुरांची पलटण घेऊन ती फ्रान्सला चालली असता, २१ फेब्रुवारी १९१७ रोजी इंग्लिश खाडीतल्या धुक्यात दुसरी बोट तिच्यावर आदळली आणि ती बुडाली. सहाशेंहून अधिक आफ्रिकी मजूर मेले. त्यांनाही गोऱ्यांच्या लढाईचे चाकरच म्हणता आले असते. त्यांच्याच सरकारने त्यांच्या हाती शस्त्र देण्याचे नाकारले होते. पण त्यांच्या लोकांनी, त्यांच्या भाषांत, त्यांच्या कवींनी आणि सभांनी, ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली. गोरे राज्य गेल्यावर २००३ साली शौर्याबद्दलच्या राष्ट्रीय सन्मानाला ‘मेंडी’चे नाव देण्यात आले, आणि २१ फेब्रुवारी हा तेथला सेनादिन झाला. सरकारने नाव दिले ते शेवटी. आधी लोकांनी जपले होते म्हणून.

आमच्याकडे काय झाले? ‘रोहना’च्या आधी एक वर्ष, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मुंबईहून आफ्रिकेस निघालेली ‘तिलावा’ जपानी पाणबुडीने बुडविली. २८० माणसे गेली. तिच्या पोटात चांदी होती, २,३६४ लगडी. ती चांदी २०१७ साली समुद्रतळातून वर काढण्यात आली, तिच्या मालकीचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ साली त्याचा निकाल लागला. लगडींची मोजदाद एकेक झाली! ‘तिलावा’च्या मृतांचे आप्त मुंबईत स्मरणासाठी जमले ते मात्र ऐंशी वर्षांनी, २०२२ साली. सिंदिया कंपनीची ‘अल मदिना’ तर सर्वस्वी हिंदी मालकीची. हाजचे यात्रेकरू नेण्यासाठी बांधलेली. १६ मार्च १९४४ रोजी कलकत्त्याहून चितगावकडे फौज नेत असता बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने ती बुडविली. सुमारे ३८० माणसे गेली. वालचंद हिराचंदांनी इंग्रज कंपन्यांशी कसा लढा दिला हे आमच्या घराघरांत कौतुकाने सांगितले जाते, आणि ते सांगावेच. त्यांच्या या बोटीचे नाव त्या कौतुकात आमच्या तरी कधी ऐकण्यात आले नाही.

‘रोहना’च्या अमेरिकन मृतांसाठी अलाबामातील फोर्ट मिचेल येथील राष्ट्रीय दफनभूमीत १९९६ साली स्मारक झाले, २००० साली त्यांच्या काँग्रेसने ठराव करून त्यांचा गौरव केला. ज्यांना समुद्राखेरीज थडगे नाही अशा ब्रिटिश व्यापारी नाविकांची नावे लंडनला टॉवर हिलवर धातूच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. हिंदी खलाशांची नावे तेथे नाहीत. ती मुंबईस आणि चितगावास नोंदवहीत आहेत : दोन्ही ठिकाणी एकच यादी, सहा हजारांहून अधिक नावांची. मुंबईतले हे ठिकाण म्हणजे मस्जिद बंदर भागातील खलाशांचे जुने वसतिगृह, इंडियन सेलर्स होम. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारकही त्याच इमारतीत आहे.

या नोंदी कोरड्या नाहीत. बोटीचे नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख, आणि कित्येक ठिकाणी बापाचे नाव व गावही त्यांत सापडते. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने त्या कोणालाही पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. म्हणजे ‘रोहना’च्या खलाशांची बाजू मांडावयास जो पहिला कागद लागतो तो उपलब्ध आहे. तो घेऊन गावे शोधावीत, वंशज शोधावेत, वाचलेल्या ७८ जणांनी घरी काय सांगितले होते ते विचारावे, आणि कप्तानाचा व अधिकाऱ्यांचा जबाब ब्रिटिश दप्तरातून आणवून तो अमेरिकन आठवणींशी पडताळावा. या कामाला मोठी देणगी लागत नाही. लागतो तो एखादा चिकाटीचा पदवीधर आणि त्याच्या पाठीवर हात ठेवणारा अध्यापक. जळगावच्या ज्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे तेथे इतिहासाचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंधाला विषय शोधीत असतात. धुळ्याच्या मंडळात अस्सल कागद कसा वाचावा हे शिकविणारी परंपरा आहे. विषय कोकणचा आहे, आमचा नव्हे, अशी सबब कोणी सांगू नये. राजवाडेही खानदेशचे नव्हते.

आणि मस्जिद बंदर फार दूर नाही. रात्री भुसावळ-जळगावकडून सुटणारी गाडी सकाळी मुंबईस पोचते.